काटेरी रानफुलांचा कैवार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या रानफुलांविषयी मराठीत अलीकडे जे लेखन होते, त्यातील बरेचसे कास पठारावर सुरू होते आणि कास पठारावरच संपते. आणि जांभ्याच्या त्या उघड्या सड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर, श्रावणापासून आश्विनापर्यंत तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे यांचे ताटवे एकामागून एक कसे उमलत जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या पक्षपाताचे नवल वाटणार नाही. 2012 साली पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचाही समावेश झाला, आणि तेव्हापासून तर या पठाराचे नाव देशोदेशी गेले. परंतु फुलांचा विचार पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या सोयीने न करता मधमाशीच्या पोटाच्या सोयीने करू लागले, की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. दिवाळी सरते, पठार पिवळे पडते, पाहुणे परततात. मधमाशीला भूक मात्र मार्गशीर्षातही असते आणि पौषातही असते, आणि त्या कोरड्या महिन्यांत उघड्या माळावर जी थोडी फुले टिकून राहतात, त्यांत ज्यांना आपण तण समजून खुरप्याखाली घालतो अशा काटेरी वनस्पतींचा वाटा मोठा असतो. या वनस्पतींची सद्यःस्थिती काय आहे, त्यांच्यावर कोणाकोणाचा योगक्षेम अवलंबून आहे, आणि त्यांना राखावयाचे तर कोठे व कसे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम मंडळी कोण ते सांगितले पाहिजे. सूर्यफुलाच्या विस्तीर्ण कुलात काटेरी बोंडांची एक शाखा आहे. युरोप-अमेरिकेत तिच्या शेकडो जाती आहेत, आपल्याकडे थोड्या. कोरड्या माळावर सर्वांत ठळकपणे दिसणारा उटकटारा. घाटमाथ्यावर व त्याच्या उतारांवर जांभळट-गुलाबी फुलांची दहाण, जिच्या काही जाती सह्याद्रीखेरीज अन्यत्र सहसा आढळत नाहीत. तिचीच सख्खी नातलग, वैदूंच्या झोळीत हमखास सापडणारी ब्रह्मदंडी. आणि माणसाने शेतात आणून बसविलेली या घराण्यातील लेक म्हणजे करडई. काटा दिसला की सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याची आपली सवय येथे फार घातक ठरते. पिवळा धोत्रा हाही काटेरीच, पण तो खसखशीच्या कुलातला आणि मूळचा अमेरिकेचा. ओढ्याकाठी माजणारा शंकेश्वरही परदेशचा पाहुणा. वेडी बाभूळ तर गावेच्या गावे गिळत चाललेली. या उपऱ्यांचा बंदोबस्त करण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु त्यांच्या नावाने काढलेल्या वॉरंटात उटकटाऱ्याचाही बळी जातो, ही खरी अडचण आहे.

उटकटाऱ्याकडे एकदा गुडघे टेकून, जवळून पाहावे. गुडघाभर, क्वचित मांडीपर्यंत उंचीचे झाड. पाने कातरलेली, खालच्या अंगाला पांढुरकी लव असलेली, प्रत्येक कातऱ्याच्या टोकाला पिवळसर काटा. आणि फांदीच्या शेंड्यावर लहान लिंबाएवढा, चोहोबाजूंनी काट्यांनी वेढलेला गोल गेंद. हा गेंद म्हणजे एक फूल नव्हे, आणि सूर्यफुलाप्रमाणे अनेक पुष्पकांचे एक बोंडही नव्हे. येथे प्रत्येक पुष्पकाला स्वतःचे स्वतंत्र काटेरी वेष्टन असते, आणि अशी शेकड्याने एकपुष्पी बोंडे एका मध्यबिंदूभोवती रचली जाऊन हा गोल सिद्ध होतो. कुलातील इतर वनस्पतींत ही रचना फार विरळ. फुलणे सुरू होते ते गेंदाच्या माथ्यापासून, आणि तेथून पांढऱ्या पाकळ्यांची कडी दिवसागणिक खाली उतरत जाते, त्यामुळे एकाच गेंदावर वरची फुले सुकलेली, मधली उमललेली आणि खालची मिटलेली अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी पाहावयास मिळतात. मधमाशीच्या दृष्टीने या व्यवस्थेचा अर्थ एवढाच, की एकदा सापडलेले दुकान बरेच दिवस उघडे राहते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात अशा झाडापाशी थांबले, तर फुलोरी माशी, आग्या मोहोळाची दांडगी माशी, निळसर पंखांचा काळा भुंगा, लहानमोठ्या एकांड्या माश्या आणि दोन-चार फुलपाखरे एकाच गेंदावर हक्काने वावरताना दिसतात. काटे शेळीच्या जिभेसाठी आहेत, त्यांच्यासाठी नाहीत.

आता मुलखाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे, कारण या दोन जिल्ह्यांत निसर्गाने जेवढी विषमता भरली आहे तेवढी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. महाबळेश्वरी पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवड-आटपाडीच्या बाजूला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पडला तर शेतकरी देवाचे आभार मानतो. पश्चिमेला जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी यांच्या जोरावर मधाचा धंदा उभा राहिला. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय महाबळेश्वरी आहे, आणि जवळचेच मांघर हे 2022 साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे मधमाशीला जंगलाचा आधार आहे. पूर्वेकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत असे जंगल नाही, पूर्वीही फारसे नव्हते. तेथे आहे तो गवताळ माळ, त्यावर विखुरलेली बोर, बाभूळ, हिवर आणि खाली कुसळी-पवन्याच्या दाटीत डोकावणारी काटेरी रानफुले. बाजरी-मटकी निघाली, शाळू अजून पोटरीत आहे, बाभळीचा बहर ओसरला आहे आणि निंबाचा फुलोरा तर चैत्राशिवाय येत नाही, या मधल्या काळात कीटकांनी दिवस कसे काढावेत? या प्रश्नाच्या उत्तरात उटकटाऱ्याचे आणि करडईचे नाव आले नाही तर ते उत्तर अपुरे होय.

यात शेतकऱ्याचा प्रत्यक्ष स्वार्थ कोठे आहे, असे कोणी विचारील तर त्याला आटपाडी-जतच्या डाळिंबाच्या बागा दाखवाव्यात. बहर धरल्यानंतर फळधारणा चांगली व्हावी म्हणून मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवण्याची रीत आता या भागात रुळली आहे. ज्या मुलखात परागीभवनासाठी शेतकरी रोकड मोजतो, त्याच मुलखात बांधावर फुकट राबणाऱ्या रानमाश्यांचे अन्न तणनाशक फवारून जाळले जाते, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय पेटीतली माशी म्हणजे सगळी माशी नव्हे. आपल्याकडच्या बहुसंख्य माश्या पोळे बांधीतच नाहीत. त्या एकट्या राहतात, कोणी कठीण जमिनीत बिळे करून, कोणी वाळलेल्या दांड्यांच्या पोकळीत अंडी घालून. त्यांना फुलाइतकीच न नांगरलेल्या जमिनीची आणि न कापलेल्या वाळक्या झाडाची गरज असते, आणि या दोन्ही गोष्टी माळावर आणि रुंद बांधावरच मिळतात.

करडईविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण काट्याचा आणि माणसाचा जुना करार या एका पिकात स्पष्ट दिसतो. कृष्णा-माणगंगेच्या काळ्या रानात शाळवाच्या जोडीला करडईचे पाटे टाकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शेताच्या कडेने करडईच्या ओळी धरल्या, की मोकाट गुरे आत तोंड घालीत नसत, आणि कुंपणाचा एक पैसाही खर्च न होता घरच्या खाण्याचे तेल निघे. कोवळेपणी तिची भाजी होई, पेंड गुरांना जाई. आणि तिच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंग, रासायनिक रंग येण्यापूर्वी, वस्त्रे रंगविण्यास सर्वत्र वापरला जात असे. काढणीची वेळ मात्र कसोटीची. झाड पुरते वाळलेले, प्रत्येक पानाला सुईसारखा काटा. म्हणून पहाटे, दव पडून काटे नरम असतानाच बाया-माणसे रानात उतरत, हाताला फडकी गुंडाळून झाडे उपटीत, आणि ऊन चढू लागले की काम थांबवीत. मजूर मिळेनासे झाले तेव्हा या पिकाचा पहिला शत्रू हा काटाच ठरला. सातारा जिल्ह्यातच फलटण येथे बनबिहारी विष्णू निंबकर यांनी 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या अडचणीवर दीर्घकाळ काम केले आणि बिनकाट्यांचे ‘नारी-6’ हे वाण व ‘नारी-एनएच-1’ हा बिनकाट्यांचा संकर शेतकऱ्यांच्या हाती दिला. हे कार्य मोलाचे आहे. काटा गेला तरी फूल राहिले, आणि मधमाशीला काट्याशी कर्तव्य नसते. परंतु एवढे होऊनही करडईचे क्षेत्र देशभर व राज्यात सतत घटतच गेले. त्याला कारणे अनेक. पाणी आले तेथे ऊस आला. परदेशी पामतेल स्वस्त झाले. घाणे बंद पडले. आणि फुलोऱ्याच्या सुमारास पडणाऱ्या माव्यावर भर दुपारी होणाऱ्या फवारणीने मावा जितका मरतो तितक्याच माश्याही मरतात. करडईचा एकेक पाटा शिवारातून जसा नाहीसा होत गेला, तसा हिवाळ्यातल्या कीटकांचा एकेक शिधाही बंद होत गेला. तेलबियांच्या आयातीवर चिंता व्यक्त करणाऱ्यांनी ही दुसरी हानीही आपल्या जमाखर्चात धरावी.

काटेरी वनस्पतींवर जगणारे केवळ परागवाहकच असतात असे नाही. उटकटाऱ्याच्या घराण्यातील इराणकडच्या जातींवर एक सोंडकिडा राहतो. तो स्वतःभोवती जे गोडसर कवच तयार करतो त्याला तिकडे ट्रेहाला म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात त्या कवचातून वेगळ्या केलेल्या शर्करेला ट्रेहॅलोज हे नाव मिळाले. कीटकांच्या रक्तात वाहणारी मुख्य शर्करा तीच, हे पुढे कळले. एका उपेक्षित काट्याच्या आश्रयाने शास्त्राच्या पदरात केवढे ज्ञान पडू शकते, याचे हे उदाहरण. आपल्या माळावर कीटक आहेत म्हणून चंडोल, डोंबारी आणि माळावरचे लावे-तितर आहेत. ते आहेत म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी येथे उतरतात. आणि ससे, घोरपडी, खोकड, लांडगे हे सर्व याच उघड्या, झाडांविरहित वाटणाऱ्या मुलखाचे रहिवासी आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनी हा माणदेश मराठी वाचकांच्या मनात कायमचा रुजविला. मात्र शासनाच्या दृष्टीने या भूमीला वन्य जीवांचे घर म्हणून मान मिळण्यास फार काळ जावा लागला. खटावमधील मायणीच्या पक्ष्यांच्या जागेला संवर्धन राखीव म्हणून संरक्षण मिळाले, आणि आटपाडीचा सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटरचा पट्टा 2023 मध्ये संवर्धन राखीव झाला, हे दोन्ही निर्णय म्हणूनच स्वागतार्ह आहेत. क्षेत्र लहान आहे. पण गवताळ माळ हाही जपण्याजोगा ऐवज आहे, ही कबुली त्यांत आहे.

या कबुलीच्या नेमकी उलट बाजू महसुली दफ्तरात पाहावयास मिळते. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळे आणि पोटखराबा वेगळा. जिच्यावर शेतसारा बसत नाही ती जमीन जणू हिशेबाबाहेरची. गायरान, सरकारी पड, मुरमाड माळ या साऱ्यांची गणना पडीक जमिनीत झाली, केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही गवताळ प्रदेशाचा मोठा भाग त्याच सदरात गेला, आणि जे पडीक ते कोणत्या तरी ‘उपयोगा’त आणलेच पाहिजे, ही निष्ठा सर्व खात्यांत समान राहिली. कोणी तेथे पवनचक्क्या उभारल्या. चाळकेवाडी-वनकुसवड्याचा सडा त्यांनी व्यापला आहे. कोणी सौर पट्ट्यांसाठी जागा मागितली. आणि सर्वांत सद्भावनेने झालेली चूक म्हणजे माळावरील वृक्षलागवड. 2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत राज्याने अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी रोपांची उद्दिष्टे घेतली. इतकी रोपे लावावयाची तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ. खड्डे, चर आणि गिरिपुष्पाच्या रांगा यांखाली मूळची रानफुले किती गेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. झाडे लावण्याविरुद्ध लिहिणे अप्रिय आहे, आणि सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांनी आयुष्य वेचून जे अभयारण्य उभे केले त्याच्याविषयी प्रत्येक सांगलीकराला आदर आहे, तसा या लेखकालाही आहे. तथापि जेथे जंगल होते आणि तोडले गेले तेथे जंगल परत आणणे ही एक गोष्ट, आणि जेथे सहस्रावधी वर्षे गवतच होते तेथे सावली पाडून गवताला व उन्हावर जगणाऱ्या त्याच्या सोबत्यांना मारणे ही दुसरी. या दोहोंना एकाच शब्दाने गौरविणे योग्य नव्हे. उटकटारा सावलीत तग धरीत नाही.

दुसरा आघात पाण्याचा, आणि येथे लेखणी जपून चालविली पाहिजे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी ज्या गावांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुष्काळातून वर काढले, त्या गावांच्या लोकांना पाणी येऊ नये असे वाटणारा मनुष्य माणूसच नव्हे. परंतु पाण्याबरोबर बांध अरुंद झाले, पोटखराबा सपाट झाला, यंत्राने एका दिवसात माळाचे रान होऊ लागले, आणि उरलेल्या कडेवर तणनाशकाचा पंप फिरू लागला. यांतील शेवटची गोष्ट तरी पाण्यासाठी आवश्यक नव्हती.

चराईचा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. माळ राखावयाचा तर मेंढरे बंद करा, असा सल्ला शहरातून सहज दिला जातो. कासचा अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. तेथे वनखात्याने पठाराला लोखंडी कुंपण घातले, कास, आटाळी, एकीव, कासाणी या गावांची समिती कारभार पाहू लागली, दररोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली. पर्यटकांचा उपद्रव आवरण्यास त्याचा उपयोग झालाच. परंतु गुरांचा वावर थांबल्यावर गवत माजले आणि ठेंगण्या फुलांची कोंडी झाली, अशी तक्रार स्थानिकांकडून व अभ्यासकांकडून होत राहिली, आणि गेल्या काही वर्षांत ते लोखंडी कुंपण हटविण्यात आले. पूर्वेकडच्या माळावर तर याच्या नेमकी उलट अवस्था दिसते: अतिचराईने गवत संपले, की जनावर ज्याला तोंड लावीत नाही तो उटकटारा तेवढा वाढतो. म्हणून एखाद्या माळावर उटकटाऱ्याची नुसती गर्दी दिसली तर ते आरोग्याचे लक्षण समजू नये. आणि तो मुळीच नसला तर त्या माळावर नांगर, वणवा किंवा औषध यांपैकी काहीतरी फिरले आहे असे समजावे. माफक चराई, फिरती चराई, पावसाच्या आरंभी दोन महिने विश्रांती, ही धनगरांची जुनी शिस्त होती. माडग्याळची मेंढी आणि माणदेशी खिलार याच माळावर, याच शिस्तीत निपजले. ही शिस्त मोडली ती मेंढपाळाच्या अज्ञानाने नव्हे. त्याच्या वाटा आणि गायराने इतरांनी व्यापल्यामुळे मोडली.

पाश्चात्त्य देशांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. इंग्लंडच्या 1959 च्या तणविषयक कायद्यात काटेरी बोंडांच्या दोन देशी जातींची नावे उपद्रवी तण म्हणून नोंदलेली आहेत, आणि आज तेथीलच निसर्गप्रेमी फुलपाखरांसाठी व गोल्डफिंच पक्ष्यासाठी ती झाडे कोपऱ्याकोपऱ्यांत राखतात. अमेरिकेची कथा अधिक दुःखद. युरोपातून आलेल्या एका काटेरी तणाचा नायनाट करण्यासाठी 1968-69 च्या सुमारास उत्तर अमेरिकेत एक सोंडकिडा आणून सोडला गेला. कालांतराने तो तेथील निरुपद्रवी देशी जातींच्या बोंडांतही शिरला आणि त्यांचे बी खाऊ लागला. त्या खंडातील महासरोवरांच्या वाळूवर वाढणारी एक देशी जात 1988 पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे. आपल्याकडे गाजरगवतावर 1984 च्या सुमारास बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगा आता महाराष्ट्रभर पसरला आहे. तो गाजरगवत खातो हे बरेच, पण तो सूर्यफुलावरही दिसल्यावर त्या काळी केवढी चिंता उत्पन्न झाली होती! परकीय तण आणि देशी रोप यांच्यातला भेद आधी नीट शिकावा आणि मग हत्यार उचलावे, हा या सर्व प्रकरणांतून निघणारा व्यावहारिक बोध आमच्या कृषिखात्याच्या प्रशिक्षणात आला पाहिजे.

उटकटारा आज दुर्मिळ नाही, आणि त्याच्यासाठी अभयारण्य मागण्याचे कारणही नाही. दहाणीच्या सह्याद्रीपुरत्या मर्यादित जातींची गोष्ट वेगळी. त्यांचे मोजके सडे व उतार आहेत, तेथे खाणकाम, बंगले आणि फेब्रुवारी-मार्चमधील वणवे यांपासून संरक्षण हवे, आणि महाबळेश्वर-पाचगणीला 2001 पासून लागू असलेले पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध त्या कामी कसोशीने वापरता येतील. बाकीच्यांसाठी जे करावयाचे ते गावाच्या हातात आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावयाची आणि लोकांच्या माहितीवरून नोंदवही तयार व्हावयाची. या नोंदवह्या बहुतेक ठिकाणी तयारही आहेत, पण त्यांत औषधी वनस्पतींच्या याद्या जितक्या भरगच्च असतात तितका गायरानाचा उल्लेख त्रोटक असतो. गायरानात व रस्त्याच्या कडेला कोणती काटेरी झाडे आहेत, कोणत्या महिन्यात फुलतात, त्यांवर कोणत्या माश्या येतात, एवढे तीन रकाने शाळेतली मुले एका हिवाळ्यात भरू शकतील, आणि मेंढपाळाला विचारले तर त्याआधीच भरतील. ब्रह्मदंडी आणि उटकटाऱ्याच्या मुळ्यांसाठी झाडे समूळ उपटून व्यापाऱ्याला घातली जातात, त्यावर ग्रामसभेला बंधन घालता येईल. आणि बांधाची साफसफाई दिवाळीनंतर लगेच न करता माघ सरल्यावर, बी गळून गेल्यावर करावी. तोवर फुले माश्यांच्या उपयोगी पडलेली असतात, वाळक्या दांड्यांत पुढच्या वर्षीच्या माश्या वाढत असतात, म्हणून दांड्यांचे वीतभर खुंट उभे ठेवून वरचेच छाटावे, आणि पाला न पेटविता बांधाच्या बुडाशी टाकावा. पाच-सात शेतकऱ्यांनी आपले लगतचे बांध याप्रमाणे राखले, की डाळिंबाचा पुढचा बहर धरताना कोणत्या बागेत फळ किती बसले याचा ताळा त्यांचा त्यांनाच घेता येईल.